राणीगंजच्या काळ्या शेलचा टीओसी ५ च्या वर आलाय, मग एस२ इतका कमी का? सोर्स रॉक म्हणायचं की नाही?

फत्तर_आणि_हातोडा:

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुण्यात. डिझर्टेशनला पश्चिम बंगालमधल्या राणीगंज कोलफिल्डमधला बॅरन मेझर्सचा शेल घेतलाय, म्हणजे खाली बराकार आणि वर राणीगंज फॉर्मेशन, त्या दोघांच्या मधला पर्मियन काळातला भाग, ज्याच्यात कोळशाचे जाड थर नाहीत पण काळा शेल (चिखल दाबून झालेला पापुद्र्यांचा खडक) भरपूर आहे. सॅम्पल्स नाल्याच्या काठावरच्या सेक्शनमधून घेतली, शक्य तितकं खणून, आणि रॉक-इव्हॅलला (पूड तापवून त्यातून किती तेल-गॅस निघतो ते मोजणारी चाचणी) पाठवली. रिझल्ट आलेत आणि मी पूर्ण गोंधळलेय.

सगळ्यात काळ्याकुट्ट सॅम्पलचे आकडे देते. टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) ५.२ टक्के, एस१ (आधीच मोकळा असलेला हायड्रोकार्बन) ०.४, एस२ (तापवल्यावर सेंद्रिय पदार्थ तुटून निघणारा हायड्रोकार्बन) ४.३, एस३ (निघणारा सीओ२) २.१ (तिन्ही मिलिग्रॅम दर ग्रॅम खडकाला), टीमॅक्स (एस२ सगळ्यात जोरात निघतो ते तापमान) ४५५. त्यावरून एचआय (टीओसीच्या मानाने एस२) ८३ आणि ओआय (टीओसीच्या मानाने एस३) ४० येतो. आता नेहमीच्या तक्त्यात बघितलं तर टीओसी ४ च्या वर म्हणजे 'एक्सलंट', आणि एस२ अडीच ते पाचमध्ये म्हणजे जेमतेम 'फेअर'. एकाच दगडाला एक आकडा डोक्यावर घेतो आणि दुसरा खाली ठेवतो, मग खरं कुठलं धरायचं? वर २०११ च्या जानेवारीत ओएनजीसीला दुर्गापूरजवळ इच्छापूरला याच बॅरन मेझर्समधून साधारण १७०० मीटरवर शेल गॅस मिळाला होता हेही माहितीये, त्यामुळे 'सोर्स रॉक (म्हणजे तेल-गॅस तयार करणारा खडक) नाही' असं लिहायलाही हात धजावत नाही. गाइडना कन्क्लूजनमध्ये एक स्पष्ट वाक्य हवंय. कुणी यातलं काम केलं असेल तर प्लीज सांगा.

---

अंकलेश्वरकर:

ताई, आकड्यांवर ह्यूस्टनवाले दादा नीट बोलतील, ते इथे असतातच. मी सॅम्पलबद्दल बोलतो कारण माझं आयुष्य विहिरीवर मड लॉगिंगमध्ये (खणताना वर येणारा माल तपासण्यात) गेलंय आणि मला कळकळीने सांगावंसं वाटतं की रॉक-इव्हॅल मशीन खोटं बोलत नाही, पण त्याला तुम्ही जे देता तेवढ्यापुरतंच ते खरं बोलतं. मशीनमध्ये जातो किती माल, तर साधारण शंभर मिलिग्रॅम पूड, चिमूटभर पण नाही. त्या चिमटीवर तुम्ही शेकडो मीटर जाडीच्या फॉर्मेशनचा निकाल लावणार. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, कारण शेलमध्ये हातभर अंतरावर टीओसी बदलतो.

आता तुमचं सॅम्पल नाल्यातलं. उघड्यावरचा शेल किती वर्षं पाऊस, ऊन आणि हवा खातोय कुणाला ठाऊक, त्यात एस१ म्हणजे जो मोकळा हायड्रोकार्बन असतो तो तर बराचसा उडून गेलेला असतो, ऑक्सिडेशनमुळे एस२ पण कमी होतो आणि एस३ वाढतो. म्हणजे तुमचा ०.४ हा एस१ जमिनीखालच्या खडकाचा आहे असं अजिबात धरू नका. शिवाय बॅरन मेझर्सला राणीगंजमध्ये आयर्नस्टोन शेल म्हणायचे, कारण त्यात सिडेराइटचे (लोखंडाच्या कार्बोनेटचे) गोळे आणि पट्टे असतात, कुल्टीच्या जुन्या लोखंडाच्या कारखान्याला याच थरातलं खनिज जायचं. सिडेराइट तापला की सीओ२ सोडतो आणि तो एस३ मध्ये मिसळू शकतो. त्यामुळे तुमचा ओआय ४० हा सगळा सेंद्रिय पदार्थातल्या ऑक्सिजनचा आहे की त्यात लोखंडी दगडाचा वाटा आहे हे आधी तपासा. तुकडा हातात घेऊन बघा, सिडेराइट असला तर शेलच्या मानाने जड लागतो आणि उघडी बाजू तांबूस-तपकिरी गंजलेली असते.

विहिरीतली कटिंग्ज (खणताना निघणारे खडकाचे तुकडे) मिळाली तर ती बरी, असं सगळे म्हणतात, पण तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. शेल शेकरवरून (कटिंग्ज गाळायच्या चाळणीवरून) उचललेल्या थैलीत वरच्या थराचा ढासळलेला माल हमखास असतो, लॅग टाइम (कटिंग्ज वर यायला लागणारा वेळ) चुकला तर खोलीच चुकते, मडमध्ये (खणताना विहिरीत सोडतात त्या चिखलपाण्यात) लिग्नाइट किंवा गिल्सोनाइट टाकलेलं असेल तर ते टीओसी फुगवतं, आणि ऑइल बेस्ड मड असेल तर एस१ इतका वर जातो की नवखा माणूस तेल सापडलं म्हणून नाचायला लागेल. त्यात कुणी ओव्हन जास्त तापवून कटिंग्ज वाळवली की असलेला एस१ पण गेला. कटिंग्ज भिंगाखाली धरून शेलचे तुकडे चिमट्याने वेगळे वेचायचे आणि तेवढेच पाठवायचे, कंटाळवाणं काम आहे पण त्याशिवाय पर्याय नाही.

---

ह्यूस्टन_मराठी:

अंकलेश्वरकरांनी पाया घातलाच आहे. आता तुझ्या आकड्यांकडे येतो. तुला जे दोन आकडे भांडताना दिसतायत ते भांडत नाहीयेत, ते दोघं मिळून एकच गोष्ट सांगतायत.

टीओसी म्हणजे खडकात एकूण सेंद्रिय कार्बन किती. त्यातला किती कार्बन कामाचा आहे हे टीओसीला कळत नाही. मशीनमध्ये काय होतं बघ: पूड ३०० डिग्रीवर थोडी मिनिटं धरतात, त्यात जे आधीच तयार असलेलं मोकळं तेल-गॅस निघतं तो एस१. मग दर मिनिटाला २५ डिग्रीने तापवत नेतात, तेव्हा केरोजेन (खडकातला घट्ट सेंद्रिय पदार्थ) तुटून जो हायड्रोकार्बन निघतो तो एस२, म्हणजे खडकात अजून शिल्लक असलेली ताकद, आणि तो ज्या तापमानाला सगळ्यात जोरात निघतो तो टीमॅक्स. तुझ्या खडकात कार्बन ५.२ टक्के आहे पण तापवल्यावर त्यातून हायड्रोकार्बन निघतोय फक्त ४.३ मिलिग्रॅम. एचआय ८३. म्हणजे कार्बन आहे पण त्याला हायड्रोजन चिकटलेला कमी आहे.

हे दोन कारणांनी होतं आणि दोन्ही तुझ्या खडकाला लागू आहेत. पहिलं कारण केरोजेनची जात. तळ्यातल्या शेवाळाचा टाइप १, त्याचा एचआय सुरुवातीला ६०० च्या वर, समुद्रातल्या प्लँक्टनचा टाइप २, ३०० ते ६००, आणि जमिनीवरच्या झाडाझुडपांचा टाइप ३, तो ५० ते २०० मध्ये घोटाळतो आणि मुख्यतः गॅस देतो. तुझा शेल गोंडवानातला (कोळशाच्या जुन्या थरांच्या गटातला), ग्लोसोप्टेरिस झाडांच्या जंगलांच्या काळातला, त्यात लाकूडफाट्याचा भाग जास्त असणार. आणि गोंडवानाची खास गोष्ट म्हणजे इनर्टिनाइट भरपूर, म्हणजे गाडला जायच्या आधीच जळलेला किंवा ऑक्सिडाइझ झालेला वनस्पतीचा भाग. तो टीओसीमध्ये पूर्ण मोजला जातो पण त्याच्यातून तेल-गॅस जवळजवळ काहीच निघत नाही. म्हणून गोंडवानाच्या शेलमध्ये नुसता टीओसी वाचून उड्या मारणं सगळ्यात धोक्याचं.

दुसरं कारण मॅच्युरिटी, म्हणजे खडक किती शिजलाय. टीमॅक्स ४५५ म्हणजे खडक शिजून पुढे गेलाय. साधारण ४३५ ला तेलाची खिडकी उघडते, ४४५ ते ४५० ला ऐन भरात असते, ४७० च्या पुढे कोरडा गॅस. बार्नेट शेलच्या कामातून आलेलं एक समीकरण सगळे वापरतात, टीमॅक्सला ०.०१८ ने गुणायचं आणि ७.१६ वजा करायचे, म्हणजे तुझा व्हिट्रिनाइट रिफ्लेक्टन्स (लाकडाच्या कणांची चमक, मॅच्युरिटीचं माप) साधारण १.०३ येतो. हे टाइप १ ला लागत नाही आणि टाइप ३ मध्ये पण ढोबळ अंदाजच समज. पण मुद्दा असा की आज जो एचआय ८३ दिसतोय तो उरलेला आहे, मूळचा यापेक्षा जास्त होता, त्यातला काही भाग आधीच गॅस-तेल होऊन निघून गेलाय. टेक्ससमधल्या बार्नेटमध्ये हेच दिसतं, फोर्ट वर्थच्या जवळच्या ज्या भागातून सगळ्यात जास्त गॅस निघाला तिथे आज एचआय अगदी मामुली आहे, कारण खडकाने आपलं काम करून टाकलंय. तिथे कुणी कमी एस२ बघून 'पुअर' लिहिलं असतं तर फसलं असतं.

त्यामुळे एक कर. तुझी सगळी सॅम्पल्स घे आणि टीओसी आडव्या अक्षावर, एस२ उभ्या अक्षावर असा साधा प्लॉट काढ. रेषेचा उतार तुला खरा सरासरी एचआय देतो. रेषा शून्यातून न जाता टीओसीच्या अक्षाला पुढे जाऊन छेदत असेल तर तेवढा कार्बन एकतर निर्जीव आहे किंवा चिकणमातीच्या खनिजांनी निघालेला हायड्रोकार्बन धरून ठेवलाय. कमी टीओसीच्या सॅम्पलमध्ये हा मातीचा परिणाम फार जाणवतो. आणि ज्या सॅम्पलचा एस२ ०.२ च्या खाली असेल त्याचा टीमॅक्स सरळ काढून टाक, तिथे शिखरच नीट दिसत नाही, मशीन काहीतरी आकडा छापतं एवढंच. प्रत्येक सॅम्पलचा पायरोग्राम (तापवताना निघालेल्या हायड्रोकार्बनचा आलेख) मागून घे, फक्त एक्सेल शीट घेऊन थांबू नकोस. शिखर एकच सरळ उभं आहे की बाजूला खांदा आलाय की दोन शिखरं आहेत, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय टीमॅक्सवर विश्वास ठेवायचा नाही.

---

अंकलेश्वरकर:

दादा, मॅच्युरिटीबद्दल एक भर घालतो. राणीगंजमध्ये लॅम्प्रोफायरचे डाइक आणि सिल (शिलारस घुसून झालेल्या खडकाच्या भिंती आणि पट्टे) जागोजागी आहेत, शिवाय सालमा डाइकसारखा मोठा डोलेराइटचा पट्टा आहे. त्याच्या जवळचा कोळसा भाजून निघतो, खाणवाले त्याला झामा म्हणतात. शेल पण तसाच भाजतो. तेव्हा ताईंनी नकाशावर बघावं की सॅम्पलची जागा कुठल्या डाइकपासून किती लांब आहे, नाहीतर चारदोन मीटरवरच्या भाजलेल्या खडकाचा टीमॅक्स घेऊन सगळं बेसिनच गॅस विंडोत आहे असं लिहून बसाल.

---

सातारी_वाचक:

विषय वाचून भारी वाटलं, मी जिऑलॉजीचा नाही, शाळेत भूगोल शिकवतो. एक साधा प्रश्न, आपल्या महाराष्ट्रात काळ्या खडकाची काही कमी नाही, मग आपल्या बेसॉल्टच्या खाली असा शेल असेल का? आणि असला तर कोणी बघितलंय का?

---

ह्यूस्टन_मराठी:

सर, चांगला प्रश्न. बेसॉल्ट स्वतः लाव्हापासून झालेला, त्यात सेंद्रिय पदार्थ नाही, त्यामुळे तो सोर्स नाहीच. खाली काय आहे हे जागोजागी वेगळं. तुमच्याच जिल्ह्यात कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल भोक पाडलं, तिथे सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइट-नाइसचा जुना कातळ लागला, मध्ये शेल-वाळू काही नाही. किल्लारीला बेसॉल्ट ३३८ मीटर आणि त्याखाली जेमतेम ८ मीटरचा गाळाचा थर, मग कातळ. म्हणजे या दोन ठिकाणी तरी उत्तर मिळालंय. विदर्भात चंद्रपूर-वणीकडे गोंडवाना आहे, तिथे कोळसा निघतोच. रत्नागिरीकडे जांभ्याखाली लिग्नाइट आणि काळी कार्बनी माती सापडते, पण ते लिग्नाइटच्या पातळीचं म्हणजे अजून कच्चं, त्याला कधी पुरेशी खोली आणि उष्णता मिळालीच नाही. जळतं म्हणून तेल आहे असं होत नाही.

उलट गंमत गुजरातमध्ये आहे. आपल्या सह्याद्रीचाच डेक्कन ट्रॅप खंबातच्या बेसिनमध्ये तळाला आहे, त्याच्यावर गाळ साचला आणि पॅलिओसीन-इओसीन काळातला कॅम्बे शेल तयार झाला. अंकलेश्वर, गांधार, मेहसाणा, सगळीकडच्या तेलाचा मुख्य सोर्स तो शेल. पाद्र्याला तर त्या शेलचं तेल भेगाळलेल्या बेसॉल्टमध्येच जाऊन बसलंय आणि तिथून काढतात. मुंबई हायचं पण तसंच, तेल सापडतं चुनखडकात, पण ते शिजलं पन्ना फॉर्मेशनच्या शेलमध्ये. सोर्स एकीकडे, साठा दुसरीकडे, हीच पूर्वीपासूनची पद्धत. शेल गॅसमध्ये वेगळं इतकंच की जे बाहेर न पडता शेलमध्येच अडकून राहिलं ते काढायचं.

---

पेट्रो_काका:

मी पेपरात लेख लिहितो ऊर्जेवर, म्हणून विचारतो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने भारतात ५८४ ट्रिलियन घनफूट शेल गॅस जमिनीत आहे आणि त्यातला ९६ काढता येईल असं म्हटलं. त्याच्या आधी त्यांच्याच भूगर्भ सर्वेक्षणाचा आकडा होता ६.१. दोन सरकारी संस्था, एकच देश, आणि फरक पंधरा पटीचा. लोकांनी काय समजायचं? आणि २०१३ ला सरकारने ओएनजीसी आणि ऑइल इंडियासाठी शेलचं धोरण पण आणलं, मग गॅस कुठाय?

---

ह्यूस्टन_मराठी:

काका, दोघांनी धरलेली बेसिन्स एकसारखी नाहीत आणि पद्धतही एक नाही. पहिल्या प्रकारात बेसिनचं क्षेत्रफळ, शेलची जाडी, टीओसी, दाब वगैरे गुणून जमिनीत एकूण किती आहे हे काढतात आणि मग त्यातला काही टक्के निघेल असं धरतात. दुसऱ्यात आधीच्या विहिरींच्या अनुभवावरून एका विहिरीतून किती निघू शकतं आणि किती विहिरी बसतील असं चालतं. पहिल्यातला प्रत्येक अंदाज थोडा थोडा उदार धरला की गुणाकारात आकडा फुगतो. पोलंडचं उदाहरण बघा, २०११ मध्ये १८७ ट्रिलियन घनफूट म्हणून गाजावाजा झाला, २०१२ मध्ये पोलंडच्याच भूगर्भ संस्थेने तो ३४६ ते ७६८ अब्ज घनमीटरवर आणला, म्हणजे १२ ते २७ ट्रिलियन घनफूट, आणि विहिरी खणल्यावर प्रवाह इतका कमी मिळाला की एक्सॉन त्याच वर्षी निघून गेली. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे शेलचा तेलाचा अंदाज १३.७ अब्ज बॅरलवरून २०१४ मध्ये ०.६ वर आला. तिथला शेल उत्तम सोर्स आहे यात कुणाला शंका नाही, पण थर वळलेले-तुटलेले आणि बरंच तेल आधीच बाहेर पडलेलं.

मला हे पोटतिडकीने सांगावंसं वाटतं कारण लेखांमध्ये 'इतके ट्रिलियन सापडले' असं छापून येतं. सापडत काही नाही, अंदाज असतो. सोर्स रॉक चांगला असणं ही पहिली पायरी. पुढे त्याची खनिजं काय आहेत हा प्रश्न. क्वार्ट्झ किंवा कार्बोनेट जास्त असेल तर खडक ठिसूळ, पाण्याच्या दाबाने फोडला की भेगा पडतात आणि वाळू घालून उघड्या राहतात. चिकणमाती निम्म्याच्या वर गेली की खडक दबतो, भेग मिटते. जॉर्ज मिचेलच्या कंपनीला बार्नेटमध्ये वर्षानुवर्षं घालवावी लागली आणि ९० च्या दशकाच्या शेवटी पातळ पाण्याचं फ्रॅकिंग जमलं तेव्हा कुठे गणित बसलं, आणि तो शेल सिलिकाने भरलेला होता. त्यात दर विहिरीला लागणारं पाणी, जमीन, पाइपलाइन हे सगळं येतं. राणीगंज ज्यात येतं त्या दामोदर खोऱ्यासारख्या दाट वस्तीच्या, खाणींनी पोखरलेल्या भागात हा हिशोब टेक्ससचा नाही.

---

फत्तर_आणि_हातोडा:

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मी एस२-टीओसी प्लॉट काढला, रेषा शून्यातून जात नाही, टीओसीच्या अक्षाला दीड टक्क्याच्या जवळपास छेदते. म्हणजे निर्जीव कार्बन आहे असं धरायचं ना? माझ्या जागा डाइकपासून लांब आहेत, नकाशावर बघितलं. सिडेराइटचे बारीक गोळे मात्र आहेत, दोन-तीन सॅम्पलमध्ये तर चक्क पट्टे. आता लॅबसाठी थोडेच पैसे उरलेत, एक्सआरडी (खनिजं मोजायची क्ष-किरण चाचणी), व्हिट्रिनाइट रिफ्लेक्टन्स आणि पुन्हा रॉक-इव्हॅल यातलं काय आधी करू?

---

ह्यूस्टन_मराठी:

दीड टक्का छेद म्हणजे निर्जीव कार्बन किंवा खनिजांचा परिणाम किंवा दोन्ही, प्लॉटवरून वेगळं करता येत नाही. त्यासाठी मायक्रोस्कोपखाली बघायला लागेल, म्हणून माझ्या मते पॉलिश केलेल्या ब्लॉकवर व्हिट्रिनाइट रिफ्लेक्टन्स आणि मॅसरल (सेंद्रिय कणांचे प्रकार) मोजणी एकत्र करून घे, एकाच ब्लॉकवर दोन्ही होतं. त्यात तुला मॅच्युरिटीचा टीमॅक्सपेक्षा वेगळा पुरावा मिळेल आणि इनर्टिनाइट किती हेही दिसेल. मोजताना नुसती सरासरी घेऊ नकोस, हिस्टोग्राम माग, कारण शेलमध्ये जुन्या खडकातून वाहून आलेले व्हिट्रिनाइटचे कण असतात, ते जास्त चमकतात आणि सरासरी वर ओढतात. दुसरं एक्सआरडी, त्यात क्ले किती आणि सिडेराइट किती दोन्ही कळेल. पुन्हा रॉक-इव्हॅल करायचंच तर फक्त पट्टेवाल्या सॅम्पलचं, आधी ॲसिडने कार्बोनेट काढून. पण लक्षात ठेव, सिडेराइट थंड ॲसिडला लवकर दाद देत नाही, कोमट ॲसिडमध्ये बराच वेळ ठेवायला लागतं, आणि त्या सॅम्पलचा एस१ नंतर वापरायचा नाही.

कन्क्लूजनमध्ये 'एक्सलंट' किंवा 'फेअर' असा एकच शब्द लिहू नकोस. असं लिही की कार्बन भरपूर आहे, जात टाइप ३ आहे, मॅच्युरिटी तेलाच्या खिडकीच्या शेवटाकडची आहे, उरलेली क्षमता मध्यम आणि मुख्यतः गॅसची आहे, आणि हे सगळं आउटक्रॉप (उघड्यावरच्या) सॅम्पलवर आधारलेलं असल्यामुळे एस१ आणि ओआय निकालात धरलेले नाहीत. गाइडना हे एक वाक्यच आहे, थोडं लांब आहे इतकंच.

---

अंकलेश्वरकर:

आणि ताई, खडकात गॅस प्रत्यक्ष किती आहे यावर एक ओळही लिहू नका. ते रॉक-इव्हॅलमधून निघत नाही. त्याला विहिरीतला ताजा कोअर (खडकाचा अखंड गोल तुकडा) लागतो, वर आल्या आल्या कॅनिस्टरमध्ये बंद करायचा, खालच्या तापमानाच्या पाण्यात ठेवायचा आणि दिवसेंदिवस किती गॅस सुटतो ते मोजायचं, शेवटी कोअर कुटून अडकलेला गॅस मोजायचा, आणि कोअर वर येताना वाटेत जो निसटला तो आलेखावरून मागे जाऊन काढायचा. हा निसटलेल्या गॅसचा भाग सगळ्यात जास्त वादाचा असतो. खोलीवरचं काही मिळालं तर उत्तम, राणीगंजमध्ये कोल बेड मिथेनच्या (कोळशाच्या थरातल्या गॅसच्या) विहिरी आहेत, त्यातल्या काही बॅरन मेझर्स छेदून खाली बराकारच्या कोळशापर्यंत गेलेल्या असणार. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन कटिंग्जची मागणी करा, त्यात शेलचा खोलीचा पट्टा, लागणारं वजन आणि कशासाठी हवं ते स्पष्ट लिहा, आणि कुठलं मड वापरलं होतं ती माहितीही त्याच पत्रात मागा.